ठाण्याहून गुहागर, वाटेत समुद्राकाठी मुक्काम: दिवेआगर की हरिहरेश्वर? (आम्ही दोघंच, सत्तरीच्या आसपास)

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. गुहागरचा व्याडेश्वर आमचं कुलदैवत. एरवी मुलगा नेतो. यंदा तो नव्या नोकरीत अडकलाय आणि महाशिवरात्रीची गर्दी आम्हाला झेपत नाही, म्हणून त्याआधीच, माघ वद्यात, दोघांनीच निघायचं ठरवलंय. माझं वय सदुसष्ट, ह्यांचं बाहत्तर. गाडी मी चालवते. हे शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असतात.

चिपळूणमार्गे एका दमात गुहागर गाठायचं नाहीये. वाटेत समुद्राकाठी राहायचं, मग बागमांडल्याला गाडी बोटीत घालून वेश्वीला उतरायचं. पुढे केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ. तिथे पुन्हा बोट, धोपावे, गुहागर. मुक्काम कुठे करावा? दिवेआगर, श्रीवर्धन की हरिहरेश्वर? ह्यांचा एक गुडघा बदललाय, दुसरा रांगेत आहे. खोली तळमजल्यावर हवी, कमोड हवा आणि समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा. 'एका दिवसात तीन बीच, दोन किल्ले' छापाचे बेत कृपया देऊ नका.

घणसोलीचा मुसाफिर
काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढा वळसा कशाला? कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड घाट उरलाच नाही. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला चिपळूण, चहाला गुहागर. दोन-दोन फेरीबोटी, अरुंद रस्ते, घाट हे सगळं पंचविशीतल्या पोरांनी करावं.

पाचपाखाडीकर
राग नाही. पण चहाला गुहागरात पोचून संध्याकाळी पाय वर करून पडायचं असेल तर टीव्ही ठाण्यातही आहे.

म्हसळेकर (सध्या कोपरखैरणे)
माझं गाव त्याच वाटेवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरा. तुर्भ्याला सायन-पनवेल, कळंबोली, पळस्पे. सहाच्या आत कळंबोली सोडलीत तर कंटेनरवाल्यांची संगत कमी. पुढे कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. शुक्रवार रात्र आणि शनिवार सकाळ टाळा. माणगावात त्या वेळी अडकलात की समोरच्या गाडीचा नंबर तोंडपाठ होतो. रस्त्याचं काम इतकी वर्षं चाललंय की आमच्याकडे त्यावर चिडायचंही लोकांनी सोडून दिलंय. मंगळवार-बुधवार बघा.

माणगावहून मोर्बे, साई, घोणसे घाट, म्हसळा. घाट लहान आहे, पण वळणं आंधळी आहेत आणि एसटीवाले आपल्याच मस्तीत येतात. हॉर्न देत जा. म्हसळ्याहून बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर.

मुक्काम दिवेआगरलाच करा. सगळं गाव सपाट आहे, घरं वाडीत आहेत, खोल्या बहुतेक तळमजल्यावर. सुरूच्या बनातून सरळ वाळूत पाय. श्रीवर्धन चांगलं आहे, पण ते तालुक्याचं गाव, बाजार, वर्दळ. हरिहरेश्वर देवाला जाण्याचं ठिकाण आहे. तिथे दर्शन घ्या आणि पुढे बोटीला जा.

आणि दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आरावी-शेखाडीचा किनाऱ्याचा रस्ता चुकवू नका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये एवढासा रस्ता. वाटेत मोबाईलची रेंज जाते-येते, घरी आधीच सांगून ठेवा.

लालपरी
एसटीने जाणारे आता राहिले नाहीत वाटतं? काकांना पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट, काकूंना बायकांचं अर्धं तिकीट. पंचाहत्तर झाली की काकांना पूर्ण मोफत. पनवेलहून श्रीवर्धनची गाडी मिळते. ना टायरची चिंता, ना माणगावची.

पाचपाखाडीकर
एसटीवर प्रेम आहे हो. पण ह्यांच्या गुडघ्याला आणि मला वाटेल तिथे थांबावं लागतं, आणि कंडक्टर तेवढे दयाळू नसतात.

इतिहासाचं खूळ
ठाणेकर दिवेआगरला निघालेत आणि मी गप्प बसायचं? शक्य नाही.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी स्थानक म्हणजे आपलं ठाणं. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट सापडलाय. मराठीतल्या सगळ्यात जुन्या ताम्रपटांत त्याची गणना होते. आणि अंबरनाथच्या शिवालयातला शिलालेखही शके ९८२ चाच! तुमच्या लोकलच्या मार्गावरचं देऊळ आणि तुमच्या मुक्कामाच्या गावचा ताम्रपट, दोन्ही एकाच वर्षाचे.

दिवेआगरला लोक सुवर्णगणेश बघून परत फिरतात. तो १९९७ साली वाडीत खणताना पेटीत सापडला, २०१२ साली दरोड्यात गेला, २०२१ साली मूर्ती पुन्हा बसवली. तिथे जाच, पण रूपनारायणाच्या देवळात जास्त वेळ काढा. विष्णूची मूर्ती, भोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरलेले. घाई न करता एकेक अवतार शोधा. काकांना गुडघ्याचा काही त्रास नाही, उभं राहून बघायचं काम आहे.

केमिस्टकाका
बीपीची औषधं चालू असतीलच. बरेच जण प्रवासात वाटेत जायला नको म्हणून पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी परस्पर बंद करतात, पाणी पिणंही कमी करतात आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. तसं करू नका. गोळी घ्यायची वेळ पुढेमागे करता येते का, ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. औषधांची अर्धी पाकिटं पर्समध्ये, अर्धी बॅगेत. वाटेत पेट्रोल पंपावर शौचालय आणि पिण्याचं पाणी फुकट देणं पंपवाल्यांवर बंधनकारक आहे. पेट्रोल घेतलं नाही तरी मागा, लाजू नका. स्वच्छ मिळेल याची मात्र हमी देत नाही.

पाचपाखाडीकर
केमिस्टकाका, माझ्या मनातलं लिहिलंत. पाण्याची गोळी सकाळीच असते. प्रवासाच्या बेतात डोंगर-दऱ्यांवर पानंच्या पानं असतात, बाईमाणसाने पेण ते माणगाव काय करायचं ते कुणी लिहीत नाही.

नेरुळ सेक्टर सहा
मला मात्र काळजी वाटते. माझे आईवडीलही याच वयाचे आहेत. परवा बाबा म्हणाले अलिबागला आम्ही जाऊन येतो, मी चक्क किल्ली लपवली. रस्त्यात गाडी बंद पडली, काही झालं तर? मुलाला वेळ नाही म्हणून त्यांनी असं निघायचं, हे मला पटत नाही. दोन महिने थांबा, मुलासोबत जा.

पाचपाखाडीकर
बाळा, काळजी कळते. पण दोन महिन्यांनी माझं वय कमी होणार नाहीये. किल्ली लपवण्यापेक्षा बाबांच्या गाडीचे टायर तपासून दे, हवा भरून दे, बॅटरी बघ. आमच्या मुलाने तेच केलंय, वर दर तीन तासांनी फोन करायचं वचन घेतलंय. परवान्याचं म्हणशील तर पंचावन्न उलटली की तो पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे सरकारही आमच्यावर लक्ष ठेवून आहे.

घणसोलीचा मुसाफिर
'बाळा'ला +१. मी माझा आक्षेप मागे घेतो, फक्त घोणसे घाटात रात्र करू नका.

वर्तकनगर वॉकर
हरिहरेश्वरला जाऊन प्रदक्षिणा केली नाही तर काय उपयोग? डोंगराच्या कपारीतून पायऱ्या खाली उतरतात आणि समोर एकदम समुद्र. काकांनाही हळूहळू न्या, देव नेतो.

चेंदणीकर
देव नेतो हे खरं, पण भरतीही नेते. वॉकरभाऊ, असं सरसकट सांगू नका. आम्ही कोळीवाड्यातले, समुद्राची मस्करी करत नाही. खालचा खडक ओहोटीलाच मोकळा असतो. एरवी लाट खडकावर येते, परतताना माणसाला घेऊन जाते, आणि तिथे असं घडलेलं आहे.

काकू, तिथे जाणार त्या दिवशी तिथी कोणती?

पाचपाखाडीकर
बेत तसाच राहिला तर वद्य पंचमी.

चेंदणीकर
मग हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. तिच्या सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊ. नऊ ते साडेदहा या वेळात खाली जाऊन या, त्यानंतर नाही. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण तोवर ओसरत आलेलं असेल. हा ढोबळ हिशोब आहे, जागेप्रमाणे थोडा पुढेमागे होतो. तिथे स्थानिकांना विचारून आणि फलक वाचूनच उतरा. पायात रबरी तळाच्या चपला घाला, शेवाळ भयंकर असतं.

काकांनी मात्र उतरू नये. बदललेल्या गुडघ्याला त्या पायऱ्या आणि ओला खडक नको.

वर्तकनगर वॉकर
मान्य. पाऊणपटीचं गणित माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

सोलकढी
कासवांबद्दल कुणीच बोललं नाही! वेश्वीला उतरलात की वेळास जवळ आहे. नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. तुमच्या तारखांना हंगाम नुकता सुरू झालेला असेल, पिल्लं निघतीलच असं नाही. आधी फोन करून जा.

आणि दिवेआगरला उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. आयत्या वेळी मागितलेत तर बाई तुमच्याकडे बघतील नुसत्या.

पाचपाखाडीकर
(जाऊन आल्यावर)
मंडळी, सुखरूप परत आलो. वृत्तांत लिहिते, जरा लांबेल.

पहाटे साडेपाचला निघालो. कळंबोलीपर्यंत अंधारात, पण रस्ता मोकळा. कर्नाळ्याच्या सुळक्यावर पहिलं ऊन आलं तेव्हा ह्यांनी थर्मासमधला चहा ओतला आणि बराचसा माझ्या सीटवर सांडला. वडखळच्या पुढे एका पंपावर चक्क स्वच्छ शौचालय मिळालं. मी त्या मुलाला वीस रुपये देऊ केले, त्याने घेतले नाहीत. माणगाव बुधवारच्या सकाळी कुरकुर न करता पार झालं. घोणसे घाटात एक एसटी अगदी अंगावरून गेली आणि ह्यांनी नसलेला ब्रेक एवढा दाबला की मोज्यातून अंगठा बाहेर आला.

दिवेआगरला वाडीतली खोली मिळाली. अंगणात जांभा, मागे पोफळी, मध्ये पाटाचं पाणी. घरमालकीण बोलकी. तिच्या पोफळी बघून हे म्हणाले, "झाडं लहान दिसतात." ती म्हणाली, ही सगळी निसर्गनंतरची. २०२० साली ३ जूनच्या त्या वादळात तिच्या सासऱ्यांनी लावलेली वाडी दुपारभरात आडवी झाली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. म्हणजे इतकी वर्षं नुसतं पाणी घालायचं आणि वाट बघायची. आता कुठे पहिले घड लागलेत. तिने एक श्रीवर्धनी रोठा सुपारी कातरून हातावर ठेवली. पांढरीशुभ्र, दातांना मऊ. हे सुपारी सोडून बरीच वर्षं झालेले आहेत, असं ते मला अनेकदा सांगतात. त्या दिवशी विसरले.

इतिहासाचं खूळ, तुमच्यामुळे रूपनारायणासमोर आम्ही एवढा वेळ उभे राहिलो की पुजारीबुवांना संशय आला. दशावतारांतला वामन शोधायला ह्यांना चष्मा पुसावा लागला. अंबरनाथचं सांगितल्यावर बुवा म्हणाले, "मग तुम्ही पाहुणे नाही, राजधानीतून तपासणीला आलात."

आता ज्यासाठी हे लिहितेय ते. आरावी-शेखाडीचा रस्ता. म्हसळेकर, तुम्ही 'चुकवू नका' एवढंच लिहिलंत, हा तुमचा कंजूषपणा. एका वळणावर रस्ता जरा रुंद होतो, तिथे गाडी पूर्ण बाजूला घेतली, डिकीतल्या घडीच्या खुर्च्या काढल्या आणि बसलो. खाली काळा कातळ, त्यावर पाणी चढतं आणि फटींतून परत गळतं. घरमालकिणीने बांधून दिलेले घावन आणि ओल्या नारळाची चटणी. गाड्या जात होत्या, काही मुलं थांबून फोटो काढून लगेच पुढे. एकाने विचारलं, "आंटी, इथे बघण्यासारखं काय आहे?" ह्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं.

जवळच बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले. एक बाई हात फिरवत ओळीने पुढे सरकत होती, न वाळलेली जोडी उलटी करत होती. ती आमच्यापाशी आली, दोघांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "डायवर कुठाय?" ह्यांनी माझ्याकडे मान केली. तिने मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोंबिलांचा भाव एकदम कमी केला. घेतले. ठाण्यापर्यंत गाडीला वास होता, अजून आहे.

उन्हं चढेपर्यंत तिथेच होतो. श्रीवर्धन नुसतं ओलांडलं. बाळाजी विश्वनाथांचं गाव न बघता गेल्याबद्दल इतिहासाच्या खुळाने मला काय म्हणायचं ते म्हणावं. रात्र हरिहरेश्वरला काढली, म्हणजे सकाळची ओहोटी हाताशी.

दुसऱ्या दिवशी आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, तिथली रीत आहे तशी. नऊ वाजता मी प्रदक्षिणेला निघाले. हे वर कट्ट्यावर बसले, माझी पर्स मांडीवर घेऊन. पायऱ्या उंच आहेत, कपारीत वारा असा येतो की पदर धरावा लागतो. खाली खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मीठ फुगतं आणि दगडाचा कण-कण सुटतो, त्याने ती पडतात म्हणे. चेंदणीकर, शेवाळाचं सांगितलंत म्हणून वाचले. माझ्यापुढचे एक गृहस्थ बुटांसकट बसले. मी सावकाश, एका पनवेलच्या कुटुंबाच्या मागे मागे, पूर्ण करून वर आले. हे कोकम सरबत घेत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च सांगत होते.

बागमांडल्याला बोटीत गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगितली. बोटीवरचा मुलगा डाव्या काचेशी येऊन ह्यांना म्हणतो, "बाबा, सरळ मागे घ्या, कट मारू नका." हे म्हणाले, "मी नुसता प्रवासी." मग तो उजवीकडे आला आणि आवाज वाढवून तेच मला सांगितलं, बहिरी असल्यासारखं. फळीवर चाक चढताना दणका बसतो, घाबरायचं नाही, क्लच हळू सोडायचा. दोन मोटरसायकली आणि एक टेम्पो यांच्या मधे गाडी बसवली. टेम्पोवाल्याने मान हलवली, ती दाद होती असं मी धरून चालले आहे. खाडी ओलांडायला चहा संपण्याइतकाही वेळ लागत नाही. पलीकडे डोंगरावर बाणकोटचा किल्ला, तो लांबूनच पाहिला. वेळासला फोन केला होता, पिल्लं नव्हती, म्हणून गेलो नाही.

पुढचं गुहागर नेहमीचंच. ह्यांनी देवाला काय सांगितलं ते मला सांगितलेलं नाही.

नेरुळ सेक्टर सहा
काकू, बाबांची किल्ली दिली परत. टायरही बदलले. ते आता म्हणतात अलिबाग नको, दिवेआगर.

म्हसळेकर (सध्या कोपरखैरणे)
कंजूषपणा मान्य. ते रुंद वळण आरावीच्या पुढचं ना? तिथे रात्री किंवा पावसाळ्यात कुणी थांबू नका, दरड येते. आणि दिवेआगरला वाळूत गाडी घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, चाक रुतल्यावर ट्रॅक्टर आम्हालाच शोधावा लागतो.

सोलकढी
मोदक मिळाले का?

पाचपाखाडीकर
आदल्या दिवशी सांगितले होते. ह्यांनी साखर आहे म्हणून दोनच खाल्ले, मग माझ्यातला एक.

कासारवडवली
धागा वर काढतोय. आम्ही दोघं वैशाख पौर्णिमेला हरिहरेश्वरला आहोत. वय त्रेसष्ट आणि साठ, गुडघे शाबूत. प्रदक्षिणा सकाळी अकराच्या सुमाराला जमेल का? त्याआधी पोचणं होणार नाही.

चेंदणीकर
अकराला अजिबात नाही. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती, तीही उधाणाची. ओहोटी पहाटे सहाला, नाहीतर संध्याकाळी सहाला. संध्याकाळी जायचं तर साडेपाचला उतरून उजेडात वर या. नाहीतर मुक्काम करा आणि सकाळी जा. वद्य प्रतिपदेला ओहोटी पावणेसातच्या सुमाराला मिळेल, ऊनही नसेल.

कासारवडवली
मुक्काम करतो. कमोडवाली तळमजल्याची खोली कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.